एम. आय. एल. ओ.

पगारे सरांना काळजी करायला कारण लागत नसे. बसमध्ये बसले की तिकीट हरवू नये म्हणून ते मुठीत धरायचे. मुठीतल्या घामानं तिकिटावरची अक्षरं पुसली जायची, आणि मग शालिमारचा स्टॉप येईपर्यंत तपासनीस चढलाच तर त्याला काय सांगायचं, याची मनातल्या मनात उजळणी. तपासनीस कधीच चढला नाही. मग तो का चढत नाही, याची काळजी.

सावळीराम पगारे, नाशिकच्या एका कॉलेजात इतिहासाचे लेक्चरर, मुक्काम नाशिकरोड, रेल्वेलाइनीच्या पलीकडची कॉलनी. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल होते. वॅगनमधली पोती पाठीवर घ्यायची आणि गोदामात नेऊन थप्पीला लावायची, हे त्यांचं जन्मभराचं काम. मुलाच्या पाठीवर त्यांनी पोतं येऊ दिलं नाही, दप्तर दिलं. मुलानं एम. ए.ला अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाचा पेपर घेतला, कारण तो कोणी घेत नसे आणि म्हणून त्याची पुस्तकं लायब्ररीत नेहमी जागेवर सापडत. त्यात तो पहिला आला. परीक्षेला एकटाच होता म्हणून पहिला आला, असं स्टाफरूममधले लोक म्हणत. एकटा नव्हता. तिघं होते.

आई पुतळाबाई मात्र कॉलनीभर सांगत फिरायच्या, "बाबासाहेब अमेरिकेत जाऊन शिकले. माझा सावळा हितं बसून अमेरिका शिकतोय. बोटीचा तरास वाचला."

मग पीएचडी आली. विषय असा, की १९५१ साली देशात धान्याचा खडखडाट होता तेव्हा अमेरिकेनं कर्जाऊ धान्य दिलं. देऊ की नको यावर तिकडे महिनोन् महिने खल चालला. तर हे धान्य देताना त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या मनात नक्की काय होतं? विषय पुण्याच्या विद्यापीठात नोंदवला, गाइड मिळाले, आणि घरात पहिला घोटाळा झाला तो इथंच.

"एवढा प्रोफेसर झाला तरी गाइड वापरतो व्हय रे?" पुतळाबाई म्हणाल्या. "तुझ्या बापानं तुला कधी गाइडला हात लावू दिला नाय."

"आई, हे गाइड म्हणजे पुस्तक नाही. माणूस आहे."

"माणूस? मग तर लयच झालं. तोच लिहितो का सगळं?"

गाइड सर काहीच लिहीत नसत. ते थांबत. प्रत्येक वाक्याआधी ते असे थांबायचे, की जणू वाक्य आतल्या खोलीतून कोणीतरी ताटात घालून आणून देणार आहे. एक्क्याऐंशी सालच्या जानेवारीत पगारे सर पुण्याला गेले तेव्हा असंच झालं.

"हे बघा पगारे." थांबले. "तुमची मेहनत दिसते." थांबले. पगारे सरांनी खुर्चीची कड धरली. "पण हे सगळं दुय्यम आहे, बरं का."

दुय्यम. गाइड सर तो शब्द पुस्तकांबद्दल वापरत होते. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचून आपण लिहिलं, की ते दुय्यम साधन, एवढाच त्याचा अर्थ. पगारे सरांना तो अर्थ पाठ होता, ते स्वतः वर्गात तोच शिकवायचे. तरीसुद्धा शब्द कानातून आत शिरला आणि थेट मणक्यात जाऊन बसला.

"अमेरिकन वकिलातीनं वॉशिंग्टनला काय कळवलं, हे तुम्ही मला मुंबईच्या वर्तमानपत्रातून सांगताय," गाइड सर म्हणाले. "ती तार कुठंय? मुळातला कागद कुठंय? प्राथमिक साधनं आणा, पगारे. प्राथमिक!"

"सर, तो कागद अमेरिकेत असणार."

"असणारच. तुमचा विषय काय पैठणचा आहे का?" मग एक भलंमोठं थांबणं. "असं आहे, मी जूनमध्ये निवृत्त होतोय. तुमची मुदतवाढ मार्चअखेर संपते. एकतीस मार्चच्या आत प्रगती-अहवालावर माझी सही नसेल, तर नोंदणी रद्द. आणि प्राथमिक साधनाशिवाय मी सही करणार नाही. माझ्यानंतर अमेरिका घेणारं इथं कोणी नाही. बाकी सगळे शिवकालात बसलेत."

झालं. पगारे सरांना आता काळजीला अस्सल कारण मिळालं होतं.

सिंधुताई, म्हणजे सरांच्या मंडळी, म्युनिसिपालटीच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायच्या. भाकरी थापता थापता त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "प्राथमिक पाहिजे ना? मी आहे की. लग्न झाल्यापासून प्राथमिकलाच आहे."

सर हसले नाहीत.

कॉलेजात त्यांनी रजेचा अर्ज दिला, 'प्राथमिक साधनांच्या शोधार्थ मुंबईस जाणेसाठी'. हेडक्लार्क धोंडीराम अर्ज मोठ्यानं वाचल्याशिवाय पुढे पाठवत नसे. "प्रा-थ-मि-क?" त्यानं चष्म्यावरून बघितलं. "सर, तुम्ही तर सीनियरला. हे प्राथमिकचं काय काढलं? झेडपीत चाललात काय?"

दुपारच्या चहाला बातमी तयार होती, पगारेंना प्राथमिकला टाकलं. एकानं पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका हो. तिकडे सुट्ट्या भरपूर असतात." सरांना ठाऊक होतं की हे सगळं खोटं आहे. तरी प्रिन्सिपॉलांच्या दारावरून जाताना दोनदा आत डोकावून आले.

मुंबईला अमेरिकन सरकारची लायब्ररी आहे हे त्यांना माहीत होतं. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये बसून त्यांनी कसाऱ्यापासून एक इंग्रजी वाक्य घोकत नेलं. दारावर पहारेकरी, आत काचा, आणि गार हवेचा असा झोत की मुंबईत मफलर आठवावा. त्यांच्या चपला त्या गुळगुळीत फरशीवर च्यांव च्यांव बोलायला लागल्या. टेबलामागच्या बाईंनी मान वर केली.

"येस? टेल मी."

घोकलेलं वाक्य कल्याणलाच उतरून गेलं होतं. सर म्हणाले, "आय वाँट प्रायमरी."

"प्रायमरी? चिल्ड्रन्स सेक्शन त्या साइडला."

बाईंनी दाखवलेल्या बाजूला छोट्या खुर्च्या होत्या आणि भिंतीवर हसरं अस्वल. सर तिथवर गेले, अस्वलाकडं बघून परत आले आणि मराठीतच सगळं सांगायला लागले: पीएचडी, एक्कावन्न साल, धान्य, तारा, एकतीस मार्च.

"अहो, प्रायमरी सोर्सेस म्हणा ना!" बाई हसल्या. "आणि मराठीत बोला. मी दादरची आहे."

मग बाईंनी जे सांगितलं ते ऐकून सरांना गार हवेतही घाम फुटला. अमेरिकेचं सरकार आपल्या परराष्ट्र खात्याचे गुप्त कागद पंचवीस-तीस वर्षं कुलपात ठेवतं आणि मग त्यातले निवडक छापून काढतं. एक्कावन्न सालचा आशियाचा खंड छापून इथं आलेला होता. तांबड्या पुठ्ठ्याचा, उशीएवढा जाड. सर त्याच्यावर तुटून पडले. मोठमोठ्या साहेबांची एकमेकांना पत्रं होती, बैठकांची टिपणं होती. पण गाइड सरांना हवी तशी, मुंबईच्या बंदरावर उभं राहून कोणी वॉशिंग्टनला ठोकलेली तार त्यात नव्हती.

पुढचे शनिवार-रविवार असेच गेले. दर खेपेला सर नाशिकहून निघताना ठरवायचे की आज सापडणार, आणि इगतपुरीला खात्री व्हायची की नाही सापडणार. मार्च अर्धा सरला. एके शनिवारी बाईंनाच त्यांची दया आली.

"न छापलेल्या कागदांच्या फिल्मची एक रीळ आलंय. अजून कॅटलॉगला चढवलं नाही. मशिनवर बसून बघता का?"

मशिन म्हणजे शिवणयंत्र आणि सिनेमा यांच्या मधलं काहीतरी. हँडल फिरवलं की काचेवर कागद सरकायचे, धुरकट, वाकडे, ओरखड्यांचे. तारा सगळ्या मोठ्या अक्षरांत ठोकलेल्या. आणि अमेरिकन माणसाला पूर्ण शब्द लिहायचा जणू कंटाळा. जी-ओ-आय म्हणजे भारत सरकार, हे समजायलाच सरांचा सकाळचा वेळ गेला. डी-ई-पी-टी म्हणजे खातं. अशी मोठी अक्षरं दिसली की त्यांची फोड करायची, असा त्यांचा हात बसला. आणि दुपारी काचेवर ती तार सरकत आली. सरांनी हँडल सोडलं. परत धरलं. कोणी बघत नाही ना हे बघितलं आणि तार वहीत उतरवून घेतली:

'एम-आय-एल-ओ मुंबईत पोचले. स्वागत थंड. बंदरात फार काळ ठेवणे धोक्याचे, काही बग आढळले. अंतर्गत जिल्ह्यांत त्वरित रवाना करावे, नाशिक धरून. स्थानिक लोकांच्या पचनी पडणे कठीण. गाजावाजा टाळावा.'

एम-आय-एल-ओ! एम-आय म्हणजे मिलिटरी इंटेलिजन्स, हे तर कुठल्याही हेरकथेच्या मलपृष्ठावर असतं. एल म्हणजे लिएझॉन, संपर्काचं. ओ म्हणजे ऑफिस. धान्याच्या जहाजांच्या आडून अमेरिकेचे लष्करी हेर उतरले होते! बंदरात ठेवणं धोक्याचं. अर्थातच! सरांनी शब्दकोश उघडला. बग: एक, किडा. दोन, चोरून ऐकण्याचं छुपं यंत्र. सरांनी दोनच्या पुढे पेन्सिलीनं खूण केली, मग लायब्ररीचं पुस्तक आहे हे आठवून घाईघाईनं खोडली.

आणि नाशिक धरून. नाशिक! आपल्या गावात!

त्याच रात्रीच्या टपालानं गाइड सरांना पत्र गेलं. उत्तराचं कार्ड आलं त्यात, न थांबता, एका दमात लिहिलं होतं: 'पगारे, आता कसं! याला म्हणतात प्राथमिक! "पचनी पडणे कठीण" हा वाक्प्रयोग तर लाजवाब. एकतीसला सकाळी या, सही करतो. दुपारी चारला विभागात चर्चासत्र ठेवले आहे. मी स्वतः तुमच्या शोधावर बोलणार आहे. वर्तमानपत्रवाल्यांनाही सांगितले आहे.'

कुणालाही आनंद झाला असता. पगारे सरांना नवी काळजी लागली. हेरांची गुपितं आपण उघडी केली, आता आपल्यावर कोणी पाळत ठेवली तर? तारेची नक्कल त्यांनी तांदळाच्या डब्यात खोल खुपसली. दोन दिवसांनी एक बुशशर्टवाला माणूस कॉलनीत त्यांचं घर विचारत फिरत होता. सर मागच्या दारानं सिंधुताईंच्या शाळेत जाऊन बसले. माणूस विम्याचा एजंट निघाला. पुतळाबाईंनी त्याला चहा पाजला.

"असा काय करतो रे सावळ्या?" त्या म्हणाल्या. "गरीब होता बिचारा. तुझ्या मरणाचं लय चांगलं सांगत होता."

तीस तारखेची संध्याकाळ. सकाळी पुण्याची एस. टी. गाठायची. इस्त्रीचे कपडे खुर्चीवर, नक्कल तांदळातून काढून फायलीत, आणि सर ओट्यावर येरझाऱ्या घालत उद्याचं बोलणं मोठ्यानं घोकत होते. चर्चासत्रात कोणी प्रश्न विचारलाच तर असावं म्हणून.

"सदर कालखंडात एम-आय-एल-ओ, अर्थात..."

"मिल्याऽऽ! आरं ए मिल्याऽऽ!"

शेजारच्या कुसाबाई नळावरून हाका मारत होत्या. नळाला पाणी आलं की त्यांचा आवाज पाण्याआधी कॉलनीत पोचायचा. त्यांचा मुलगा भिका रिक्षा चालवायचा. तिशीचा बाप्या झाला होता, पण कॉलनीत त्याला भिका कोणी म्हणत नसे.

"अर्थात मिलिटरी इंटेलिजन्स..."

"मिल्याऽऽ! हंडे घेऊन यं! पानी चाललं ना बाबा! मिल्योऽऽ!"

सरांचं तोंड उघडं राहिलं. ही हाक ते जन्मभर ऐकत आले होते, कावळ्याच्या ओरडण्यासारखी, ऐकू न येता. आता मिल्या आणि एम-आय-एल-ओ असे कानात एकमेकांवर आदळले आणि त्यातून एक वास आला. कुबट, ओल्या पोत्याचा. आधी वास, मग रंग, आणि मग शब्द.

मिलो.

सर खाली आले. पायात चपला नव्हत्या. नळाशी जाऊन त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्यांना उत्तर नको होतं. "कुसाबाई, याला मिल्या का म्हणता?"

"आता काय सांगावं सर!" कुसाबाईंना बायकांसमोर बोलायला असं निमित्त हवंच असायचं. "देवापाशी भीक मागून घेतला म्हनून भिका ठिवला. पर झाला त्या साली रेशनवर तो लाल मिलो आला ना, अमेरिकेचा? तोच खाऊन खाऊन ह्यो पोटात वाढला. निघाला त्यो बी लालबुंद! सुईन म्हनली, बाई, ह्यो तर मिल्याच हाय!"

बायका हसल्या. भिका हंडा खांद्यावर घेत म्हणाला, "सर, तुम्ही तरी मिल्या म्हणू नका राव."

घरी येऊन सर आईसमोर बसले. "आई, मिलोत किडे असायचे का?"

"किडे?" पुतळाबाईंनी नाक मुरडलं. "पोरकिड्यांनी भरलेला असायचा मेला. चाळून चाळून हात दुखायचे. भाकर लाल, चिरा पडलेली, आन् पोटात गेली की गोळा उठायचा. तू तर रातभर रडायचा. बहात्तरच्या दुष्काळात परत आला तवा मी म्हनलं, उपाशी राहीन पर ह्यो नगं. आरं, तुझ्या बापानंच तर उतरवला तो मालधक्क्यावर. घरी यायचा तर बंडी लाल भुकटीनं माखलेली. का रे?"

मिलो सरांना माहीत होता. सगळ्यांनाच माहीत होता. ज्वारीची ती लाल अमेरिकन जात त्यांनी चावून, गिळून, रडून खाल्ली होती. पण काचेवर, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, जी-ओ-आयच्या शेजारी तो उभा राहिला आणि त्यांनी त्याला ओळखलं नाही. अमेरिकेचं मिलिटरी इंटेलिजन्स म्हणून ज्याच्यावर त्यांनी अख्खं प्रकरण उभं केलं, ते त्यांच्या बापाच्या पाठीवरून नाशिकरोडला उतरलं होतं. बगसकट.

सिंधुताईंनी एवढंच विचारलं, "मग आता?"

आता एस. टी. सिन्नर गेलं, संगमनेर गेलं. फाइल मांडीवर आणि तिकीट मुठीत. सर मनातल्या मनात स्वतःशी भांडत होते, आणि दोन्ही बाजूंनी तेच बोलत होते. एकजण म्हणत होता, सांगतो कशाला? तार खरी आहे. अक्षरं खरी आहेत. गाइडना पटलंय. आधी सही घे, नोंदणी वाचव, मग सावकाश दुरुस्त कर. कोणाला कळणार आहे? दुसरा म्हणत होता, चार वाजता वर्तमानपत्रवाले आहेत. गाइड सर उभे राहून सांगणार की मिलो हा हेरखात्याचा विभाग होता. हॉलमध्ये एकाही माणसानं मिलो खाल्लेला नसेल का? सगळे हसतील. कोणाला हसतील? पहिला म्हणाला, गाइडना हसतील. दुसरा म्हणाला, नाही. म्हणतील, पगारेंनी आणलं होतं. असंच आणणार. दुय्यम.

मंचरला बस थांबली तेव्हा सर खाली उतरले. त्यांनी लिंबू-पाणी घेतलं आणि तेही अर्धं सोडलं.

गाइड सरांच्या खोलीत सगळं मांडून ठेवलेलं होतं. प्रगती-अहवाल टेबलावर, पेनाचं टोपण काढलेलं. गाइड सर नवीन कोटात होते.

"या या पगारे! आधी हे उरकू." पेन कागदावर टेकलं.

"सर, सही नंतर करा."

पेन थांबलं. "का?"

"आधी ऐका. मग वाटलं तर करा." पगारे सरांचा आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "ते एम-आय-एल-ओ नाही, सर. मिलो आहे. मिलो. रेशनवरचा."

गाइड सर थांबले. आजवरची सगळी थांबणी एकीकडे आणि हे एकीकडे. खिडकीबाहेर माळी पाइपानं पाणी मारत होता, त्याचा आवाज येत राहिला.

"तो लाल?"

"हो, सर."

"म्हणजे ते बग..."

"पोरकिडे."

"बंदरात फार काळ ठेवणं धोक्याचं..."

"सडला असता, सर."

"आणि पचनी पडणं कठीण?"

"पोटात गोळा उठायचा. अक्षरशः, सर."

गाइड सरांनी पेनाला टोपण लावलं. पगारे सरांनी ते टोपण बसल्याचा टक् आवाज ऐकला. संपलं, त्यांना वाटलं. आता उठून नमस्कार करायचा आणि दुपारच्या बसनं परत जायचं. आईला काय सांगायचं ते संगमनेरपर्यंत ठरवता येईल.

"मला कळायला हवं होतं," गाइड सर हळू म्हणाले. "मिलो आमच्याकडेही यायचा. रेशन सोडायचं नाही म्हणून आणायचे. आई तो भांडेवालीला देऊन टाकायची. मी कधी तोंडात घातला नाही." मग पगारेंकडं न बघताच, "तुम्ही?"

"दोन वेळ खायचो, सर."

"दोन वेळा खाल्लात?"

"नाही. दिवसातनं दोन वेळ."

गाइड सरांनी तारेची नक्कल पुढे ओढली आणि नव्यानं वाचायला लागले, बोट ठेवून, सिंधुताईंच्या वर्गातल्या पोरासारखं.

"पगारे, भांडेवालीला तो पचला का, हे आमच्या घरात कोणी विचारलं नाही. आणि हा वकिलातीतला गोरा वॉशिंग्टनला कळवतोय, की लोकांच्या पोटाला झेपत नाही, तेव्हा बोभाटा न करता आत पाठवून द्या. कळतंय ना हे काय आहे? त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून पाठवला." त्यांनी चष्मा काढला. "हेर नाहीत यात. पण धोरण आहे. हे जास्त वाईट आहे, म्हणजे... प्रबंधाच्या दृष्टीनं जास्त चांगलं आहे."

टोपण पुन्हा निघालं. सही झाली, लांबलचक, शेपटीची. तारीख घातली. पगारे सरांनी ती उलटी असतानाच दोनदा वाचली.

मग गाइड सर एकदम उभे राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "अहो, पण चार वाजता मी काय बोलू? छापील पत्रिका गेलीय! 'धान्याआडचे हेरखाते'!"

आपल्यासारखा काळजीचा चेहरा दुसऱ्या कोणाचा झालेला पगारे सरांनी आयुष्यात प्रथमच पाहिला. "सर, मिलोवरच बोला."

"मी? मी चाखला तरी आहे का? तुम्ही बोला."

चार वाजता पगारे सर बोलले. वर्तमानपत्रवाला एकच आला होता आणि तोही मध्येच उठून गेला. पण त्यांनी वासापासून सुरुवात केली, तशी बाहेर बसलेला एक म्हातारा शिपाई दारातून आत सरकला आणि मान हलवत उभा राहिला.

घरी पोचले तर पुतळाबाई दारातच. "झाली का सही?"

"झाली."

"मग त्वांड असं का?"

"आता लिहायचंय, आई."

लिहायला बसले. मिलो म्हणजे काय हे सांगणं भाग होतं, म्हणून त्यांनी पानाच्या खाली तळटीप घातली. ज्वारीची लाल जात, रेशनवर वाटप, आणि नाशिकरोडला त्या साली जन्मलेल्या भिका नावाच्या मुलाला पडलेलं टोपणनाव. ही बातमी पुतळाबाईंमार्फत नळावर गेली, आणि दुसऱ्या दिवशी स्टॉपवर रिक्षा आडवी घालून भिका उभा.

"सर, तुमच्या अमेरिकेच्या पुस्तकात माझं नाव टाकलं म्हणे?"

सर घाबरले. परवानगी विचारलीच नव्हती. "तळटीपेत आहे रे. नको असेल तर काढतो."

"तळटीप म्हंजे?"

"म्हणजे पानाच्या खाली, बारीक अक्षरात."

भिकानं जरा विचार केला. "खाली कशाला, सर? जागा असंल तर वर टाका की."

सर बसमध्ये बसले. तिकीट मुठीत. वर घ्यायचं म्हणजे सगळं प्रकरण नव्यानं मांडावं लागणार. मालधक्क्यापासून सुरू करावं लागणार, लाल भुकटीच्या बंडीपासून. गाइड सर काय म्हणतील? थांबतील. किती वेळ थांबतील? शालिमार आलं तरी सर उतरले नाहीत. तेव्हा कुठे तपासनीस चढला.

"तिकीट?"

सरांनी मूठ उघडली. तिकिटावरची अक्षरं पुसली होती, आणि काय सांगायचं याची उजळणी सरांनी आज केलीच नव्हती.